घाऱ्या डोळ्यांचं लॅटिन विशेषण

इसवी सनापूर्वी १६५ साली रोममध्ये टेरेन्स या तरुण नाटककाराचं 'हेकिरा', म्हणजे 'सासू', नावाचं नाटक लागलं आणि सपशेल पडलं. शेजारी मुष्टियोद्धे आणि दोरीवरून चालणारा कसरतपटू आल्याची आवई उठली, आणि नाटकाचा खेळ मोडला. ही हकीकत नाटकाच्याच पुढच्या प्रयोगाच्या प्रास्ताविकात सांगितलेली आहे. ते शेवटपर्यंत पार पडलं ते तिसऱ्या खेपेला, १६० साली. पळून गेलेल्या प्रेक्षकांचं एक गमतीचं दृश्य बघायचं राहून गेलं.

या नाटकातल्या पँफिलस नावाच्या तरुणाला त्याचा गुलाम पार्मेनो काही वेळ डोळ्यांसमोर नको असतो. तो त्याला एका निरोपाच्या निमित्तानं गडावर पिटाळतो. मायकोनोस बेटावरचा कॅलिडेमिडीस नावाचा गृहस्थ तिथे गाठायचा. ओळखायचा कसा? पँफिलस सुचेल तसं वर्णन ठोकून देतो: धिप्पाड, लालबुंद, केस कुरळे, तोंड मढ्यासारखं आणि डोळ्यांनी 'काइसिउस'. बिचारा पार्मेनो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही मायकोनोसचे का म्हणून विचारत बसतो. एकाच वेळी लालबुंद आणि मढ्यासारखा दिसणारा माणूस मिळणार कुठून! त्यात मायकोनोसच्या लोकांना जन्मतःच केस नसतात अशी समजूत तेव्हा प्रचलित होती, रोमन लेखक प्लिनीनंही ती नोंदवली आहे. म्हणजे कुरळ्या केसांचा मायकोनोसकर हा आणखी एक चावटपणा.

या वर्णनातलं 'काइसिउस' हे विशेषण लॅटिनमध्ये फार क्वचित भेटतं. सिसेरोचे ग्रंथच्या ग्रंथ वाचले तरी ते एखाद्या वेळेला समोर येईल. पण जिथे येतं तिथे बहुतेक डोळ्यांबद्दलच येतं, किंवा तसे डोळे असलेल्या माणसाबद्दल, देवतेबद्दल, जनावराबद्दल. काइसिउस आकाश नाही, काइसिउस समुद्र नाही, काइसिउस कापड नाही. मराठी वाचकाला हे समजायला अजिबात जड जाऊ नये. आपल्याकडे 'घारा' हे विशेषण असंच आहे. घारे डोळे असतात आणि घारा माणूस असतो. घारं लुगडं किंवा घारं आभाळ कोणी म्हणत नाही. 'मुलगी गोरी-घारी आहे' म्हटलं की 'डोळे' हा शब्द न उच्चारताही अर्थ पोचतो. टेरेन्सच्याच 'स्वतःला छळणारा' या दुसऱ्या नाटकात नेमकं हेच घडतं. शेवटाकडे एका उनाड तरुणाला लग्न कर म्हणून दामटलं जातं. सुचवलेली मुलगी कोणाची हे ऐकताच तो उसळतो. ती लाल केसांची, तोंडावर ठिपके असलेली, बाकदार नाकाची आणि वर 'काइसिया'! इथेही डोळ्यांचा उल्लेख नाही, तरी रोमन प्रेक्षक हसला असणार.

रंग नेमका कोणता? निळसर करडा, हिरवट झाक असलेला, आणि त्यात चमक. आजच्या रंगपट्टीवर बोट ठेवून दाखवता येईल असा हा रंग नाही, कारण शब्द रंगाइतकाच नजरेचाही आहे. इटलीत बहुतेकांचे डोळे काळे-तपकिरी, त्यामुळे असे डोळे लक्षात राहत आणि थोडे खटकतही. ल्युक्रेशियसनं आपल्या महाकाव्याच्या चौथ्या भागात प्रेमात आंधळे झालेले पुरुष प्रेयसीच्या प्रत्येक उणिवेला गोंडस नाव कसं देतात याची यादीच दिली आहे. त्या यादीत काळीसावळी आहे, गबाळी आहे आणि 'काइसिया'ही आहे; तिला तिचा प्रियकर साक्षात पॅलस देवीची मूर्ती म्हणतो. टोमणा दोन बाजूंनी लागतो, कारण पॅलस अथीना, म्हणजे रोमन लोकांची मिनर्व्हा, हिचे डोळे खरोखरच असे मानले जात. ग्रीक काव्यात तिचं ठरलेलं विशेषण 'ग्लाउकोपिस' आणि त्याला लॅटिन पर्याय हाच.

कॅटलसनं हा शब्द सिंहाला लावला. त्याच्या एका कवितेतला प्रियकर शपथ घेतो: माझ्या प्रेमात खोट असेल तर लिबियात किंवा होरपळलेल्या भारतात मी एकटा असताना मला घाऱ्या डोळ्यांचा सिंह समोर येवो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या रोमन कवीला आपला देश आठवला तो असा, उन्हानं भाजलेला आणि सिंहांनी भरलेला. सिंहाच्या डोळ्यांचा रंग तसा पिवळट. मग घारा का? कवीला रंग सांगायचाच नसावा, अंगावर रोखलेली ती चमकती नजर सांगायची असावी. या शब्दाचा सगळ्यात चांगला वापर कोणी केला असेल तर तो कॅटलसनं.

उत्तरेकडच्या लोकांचं वर्णन करताना व्हिट्रुव्हियस हा स्थापत्यशास्त्रज्ञ हाच शब्द वापरतो. थंड हवेत वाढलेली माणसं अंगानं थोराड, गोरी, सरळ लाल केसांची आणि घाऱ्या डोळ्यांची असतात असं त्याचं म्हणणं. इतिहासकार टॅसिटसनं मात्र इ.स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांवर लिहिताना 'काएरुलेउस' हा दुसरा शब्द निवडला. तो निळा, सरळसरळ निळा. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे नाहीत हे सिसेरोकडून कळतं. देवांच्या स्वरूपावरच्या आपल्या संवादग्रंथात तो एका पात्राच्या तोंडून विचारतो की चित्रकार-मूर्तिकारांनी दाखवले तसेच देव असतात असं कशावरून? ज्युपिटर नेहमी दाढीवाला, अपोलो नेहमी बिनदाढीचा, मिनर्व्हाचे डोळे काइसिउस, नेपच्यूनचे काएरुलेउस. समुद्राच्या देवाला निळा, बुद्धीच्या देवीला घारा. दोन रंग वेगळे होते म्हणूनच ते शेजारी-शेजारी ठेवता आले. सिसेरोची ही नोंद पुढे कामाला येणार आहे.

आता थोडं व्याकरण. मराठीत काही विशेषणं लिंगाप्रमाणे बदलतात, काही बदलत नाहीत. घारा मुलगा, घारी मुलगी, घारं पोर. पण लाल मात्र तिघांनाही लाल. लॅटिनमध्ये पुष्कळ विशेषणं 'घारा'सारखी आहेत. पुल्लिंगी काइसिउस, स्त्रीलिंगी काइसिया, नपुंसकलिंगी काइसिउम. आपल्यासारखीच तीन लिंगं, त्यामुळे हिंदी किंवा फ्रेंच बोलणाऱ्यापेक्षा मराठी माणसाला इथे एक पायरी कमी चढावी लागते.

पुढची पायरी मात्र उंच आहे. मराठीत नामाला विभक्ती लागली की विशेषणाचं काम एका सामान्यरूपावर भागतं. घाऱ्या मुलाला, घाऱ्या मुलाचा, घाऱ्या मुलानं. 'घाऱ्या' तेच राहतं. लॅटिनमध्ये विशेषणाला स्वतःचा पूर्ण विभक्तिप्रत्यय घ्यावा लागतो, आणि तोही आपल्या गटाचा, नामाच्या गटाचा नव्हे. 'सिंह' म्हणजे 'लेओ' हे तिसऱ्या गटातलं नाम, त्याची चतुर्थी 'लेओनी'. विशेषण पहिल्या-दुसऱ्या गटातलं, त्याची चतुर्थी 'काइसिओ'. शेवटचे स्वर जुळत नाहीत, तरी लिंग, वचन आणि विभक्ती जुळते, आणि तेवढं पुरतं. म्हणूनच कॅटलसला या दोघांच्या मध्ये दुसरे दोन शब्द बिनधास्त घालता आले. आधी घारेपणा येतो आणि सिंह येतो ओळीच्या शेवटी. मराठीत असं केलं तर वाचक गोंधळेल. लॅटिन वाचकाला प्रत्यय वाट दाखवतात.

या शब्दाला एक अडचण त्याच्या 'इ'मुळे येते. तृतीयेसारखं काम करणाऱ्या विभक्तीचं अनेकवचन खरं म्हणजे 'काइसिइस', पण दोन 'इ' एकमेकांत मिसळून 'काइसिस' होतं. चरित्रकार सुएटोनियसनं नीरो बादशहाचं वर्णन केलं आहे: उंची बेताची, अंगावर डाग, केस पिवळसर आणि डोळे 'काइसिस' व मंद. आता 'काइसिस' हे 'कापलेले' या अर्थाच्या 'काइसुस' या कृदन्ताचंही तेच रूप. नवशिक्या विद्यार्थ्याला नीरोचे डोळे कोणी तरी फोडले होते असं वाटू शकतं. संदर्भ सोडला तर यातून सुटका करणारा कोणताही नियम नाही.

दुसरी अडचण तरतमभावाची. लॅटिनमध्ये अधिक आणि सर्वाधिक दाखवायला विशेषणाला प्रत्यय लागतात. पण ज्या विशेषणाच्या शेवटच्या '-उस'च्या आधी स्वर असतो, तिथे हे प्रत्यय सहसा टाळतात आणि 'मागिस', 'माक्सिमे' असे सुटे शब्द वापरतात, जसं आपण 'अधिक घारा' म्हणू. हा केवळ शाळामास्तरांचा नियम नव्हता. मार्क अँटनीनं एका पत्रात 'धर्मशील' या अर्थाच्या 'पिउस'चं '-इस्सिमुस' लावलेलं रूप वापरलं, तेव्हा सिसेरोनं भर सिनेटमध्ये त्याची टर उडवली की हा शब्द लॅटिनमध्ये नाहीच. राज्य कोणाचं यावरून पेटलेल्या भांडणात व्याकरणाची चूक काढायला सिसेरोच हवा. 'काइसिउस'चं तुलनेचं रूप वापरात नाही असं लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा कोश सांगतो. सर्वाधिकतेचं रूप तो देतो ते रोमन विद्वान वारोच्या भाषाविषयक ग्रंथाच्या हवाल्यानं. वारोला तरतमभावाच्या रूपांतला विसंगतपणाच दाखवायचा होता, म्हणजे त्याच्या काळीही हा शब्द चौकटीत नीट बसत नव्हता.

शब्द आला कुठून, यावर रोमन विद्वानांचं उत्तर तयार होतं. इ.स.च्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसनं 'अथेन्सच्या रात्री' हा टिपणवजा ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागातल्या सव्विसाव्या प्रकरणात फाव्होरिनस हा तत्त्वज्ञ पायाच्या दुखण्यानं घरी पडून असलेल्या फ्राँटो या वक्त्याला भेटायला जातो आणि गप्पा रंगांवर येतात. फाव्होरिनस म्हणतो, डोळ्यांना जितके रंग दिसतात तितके शब्द भाषेत नाहीत, आणि लॅटिनमध्ये तर ग्रीकपेक्षाही कमी. फ्राँटोला ते लागतं. तो एकट्या लाल रंगाच्याच छटांचे शब्द पुढे मांडतो. त्यांत काळपट लालसाठी 'रुबिदुस' हाही एक. पुढे निळ्या-हिरव्या छटांवर येताना 'काइसिया'चा उल्लेख होतो आणि सिसेरोचा मित्र निजिडियस फिग्युलस याची व्युत्पत्ती सांगितली जाते: 'काइलुम' म्हणजे आकाश, त्यावरून जणू 'काइलिया', त्याची 'काइसिया'.

ऐकायला छान, पण टिकत नाही. लॅटिनमध्ये 'ल'चा असा 'स' होत नाही. आकाशाशी खरं नातं, बहुतेक अभ्यासकांच्या मते, त्या दुसऱ्या शब्दाचं आहे: 'काएरुलेउस' हा मुळात 'काएलुलेउस' असावा आणि जवळजवळ आलेल्या दोन 'ल'पैकी एकाचा 'र' झाला असावा. 'काइसिउस'मधल्या 'स'चं कोडं वेगळंच आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापर्यंत लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या एकेरी 'स'चा 'र' होऊन गेला होता. पपीसियस घराणं पपीरियस झालं, आणि त्या घराण्यातल्या कोणी पहिल्यांदा नाव बदलून लावलं हेसुद्धा सिसेरोनं एका पत्रात लिहून ठेवलं आहे. त्या नियमानं 'काइसिउस'चाही 'काइरिउस' व्हायला हवा होता. तो झाला नाही, याचा अर्थ मूळचा 'स' जोड होता किंवा शब्द शेजारच्या एखाद्या बोलीतून नंतर आला. यापुढे खात्रीनं कोणी काही सांगू शकलेलं नाही.

व्युत्पत्तीची हौस इथेच थांबली नाही. 'ऑगस्टन इतिहास' या उत्तरकालीन चरित्रसंग्रहात 'सीझर' या नावाची चार कारणं दिली आहेत. एक, पूर्वजानं लढाईत हत्ती मारला आणि मूर लोकांच्या भाषेत हत्तीला तसा शब्द होता. दोन, तो मेलेल्या आईचं पोट कापून काढला गेला. तीन, जन्मतःच डोक्यावर दाट केस होते. आणि चार, डोळे घारे होते व तो असामान्य दमाचा होता. ज्युलियस सीझरचे डोळे काळे आणि तरतरीत होते असं सुएटोनियस सांगतो. अर्थात आडनाव त्याच्या आधीपासूनचं, त्यामुळे त्यानं काहीच सिद्ध होत नाही. जर्मन 'कायझर', रशियन 'झार' आणि व्हिक्टोरिया राणीनं मिरवलेलं 'कैसर-ए-हिंद' ही सगळी त्याच आडनावाची वंशावळ. ती घाऱ्या डोळ्यांपर्यंत नेण्याचा मोह आवरलेला बरा.

रोमन साम्राज्य गेलं, पण विशेषणाला नंतर दोन नोकऱ्या मिळाल्या. पहिली वनस्पतिशास्त्रात. लिनियसनं १७५३ मध्ये युरोपातल्या एका काटेरी रानफळाला 'रूबस सीझियस' ('काइसिउस'चाच आजचा उच्चार) म्हटलं, कारण त्याच्या काळ्या फळांवर निळसर करडा मेणचट थर असतो. तेव्हापासून पानाफांद्यांवर अशी राखी-निळी झाक असलेल्या वनस्पतींना हे नाव दिलं जातं. प्राण्यांच्या नावांतही ते आहे. शास्त्रीय नावात जातीचं विशेषण प्रजातीच्या लिंगाशी जुळलंच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे आपला शब्द तिथे तिन्ही रूपांत भेटतो. रूबस पुल्लिंगी म्हणून 'सीझियस'. ऑस्ट्रेलियातल्या एका निलगिरीला जॉर्ज बेंथमनं १८६७ मध्ये नाव दिलं 'युकॅलिप्टस सीझिया'. शेवट '-उस' असूनही झाडाचं नाव लॅटिनच्या जुन्या रिवाजानं स्त्रीलिंगी. मध्य आशियातला निळ्या फुलांचा रानकांदा 'अ‍ॅलियम सीझियम', कारण अ‍ॅलियम नपुंसकलिंगी.

दुसरी नोकरी रसायनशास्त्रातली. हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्टाव किरखोफ हे पदार्थ ज्योतीत धरून त्यांच्या प्रकाशाचं लोलकातून पृथक्करण करत होते. १८६० मध्ये ड्युर्कहाइम इथल्या खनिज झऱ्याचं पाणी तपासताना त्यांना दोन ठळक निळ्या रेषा दिसल्या. त्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याच्या नव्हत्या. खात्री करायला सुमारे ४४,००० लिटर पाणी आटवावं लागलं आणि त्यातून नव्या मूलद्रव्याचा क्षार मिळाला जेमतेम ७ ग्रॅम. बुन्सेन लॅटिन शिकलेल्या पिढीतला. त्याचा डॉक्टरेटचा प्रबंधही लॅटिनमध्ये होता. त्यानं निळ्या रेषांवरून नाव घेतलं 'सीझियम', आणि शोधनिबंधाच्या तळटीपेत कारणही दिलं: प्राचीन लोक हा शब्द निरभ्र आकाशाच्या निळाईसाठी वापरत. आधार कोणाचा? गेलियसच्या त्याच प्रकरणाचा, आणि त्यातल्या निजिडियसच्या त्याच व्युत्पत्तीचा. पुढच्याच वर्षी सापडलेल्या लाल रेषांच्या मूलद्रव्याला त्यांनी 'रुबिडियम' म्हटलं. त्याचा 'रुबिदुस'ही त्याच प्रकरणातला. आवर्तसारणीतली दोन शेजारी मूलद्रव्यं अशी फ्राँटोच्या घरच्या गप्पांमधून आली.

नामकरणातला एक बारकावा व्याकरणाचा आहे. धातूसाठीचा लॅटिन शब्द नपुंसकलिंगी, म्हणून नव्या धातूंची नावं '-इयम'नं संपवायची पद्धत पडली होती. 'रुबिदुस'चं नपुंसकलिंग 'रुबिदुम'. तिथे एक 'इ' जास्तीची घालावी लागली. 'काइसिउस'ला काहीच करावं लागलं नाही. त्याचं नपुंसकलिंगी रूप जसंच्या तसं मूलद्रव्याचं नाव झालं.

गंमत म्हणजे हा धातू निळा नाही, फिकट सोनेरी आहे. कार्ल सेटरबर्गनं १८८२ मध्ये तो वेगळा केला. तो २८.५ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे मुंबईच्या मे महिन्यात बंद काचनळीत त्याचा द्रवच होईल. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याही त्याच्यावर उभी आहे: सीझियम-१३३ च्या अणूतल्या ठरावीक संक्रमणाच्या प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद. भारताची प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतही सीझियमची घड्याळं आहेत.

बुन्सेनच्या तळटीपेमुळे जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत 'सीझियम, लॅटिन सीझियस म्हणजे आकाशी निळा' असं छापलं जातं. रेषांचा रंग निळा हे बरोबर, नावाचा अर्थ आकाशी हे चूक. टेरेन्स, कॅटलस, सिसेरो, सुएटोनियस यांच्यापैकी कोणीही हा शब्द आकाशासाठी वापरलेला नाही. इंग्रजी कोशांना या अर्थासाठी एक शब्द सापडायला कष्ट पडतात आणि ते 'निळसर करडा, डोळ्यांबद्दल' असं लांबण लावून लिहितात. मराठी पाठ्यपुस्तकात दुरुस्ती एका शब्दाची आहे: 'आकाशी' खोडून 'घारा' लिहावं.